आठ जणांची हेल्पलाइन, भाड्याचा नंबर: क्लाउड टेलिफोनी सांगलीत कितपत चालते?

साथीत हेल्पलाइन काढायची ठरली की पहिली बैठक नंबरावरच होते. लक्षात राहील असा हवा, शेवटी तीन शून्यं हवीत, फ्लेक्सवर लांबून दिसला पाहिजे. कॉल घ्यायला किती जण बसणार, आणि जो कॉल उचलायचा राहिला त्याचं काय, हे विषय चहा झाल्यावर निघतात. तोवर निम्मी मंडळी उठलेली असतात. हा रिव्ह्यू त्या राहिलेल्या विषयांवर आहे. तपासायची वस्तू म्हणजे महिन्याच्या भाड्यानं मिळणारी क्लाउड टेलिफोनी सेवा. कसोटी सांगली जिल्ह्याची: कोविडची साथ, घरी विलगीकरणात असलेले पेशंट, आणि कॉल घ्यायला आठ-नऊ जण. कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. या धंद्यातल्या बहुतेक पॅकेजांची ठेवण एकसारखी असते, आणि खोटही साधारण त्याच त्याच जागी निघते.

पैसे भरल्यावर हातात काय येतं? एक दहा आकडी नंबर, त्यावर वाजणारा रेकॉर्डेड आवाज, ‘एक दाबा, दोन दाबा’चा मेनू, तिथून कॉल घेणाऱ्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर वळणारा कॉल, रेकॉर्डिंग, आणि ब्राउझरमध्ये दिसणारा सगळा हिशोब. खोली नको, ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसातल्या फोन एक्स्चेंजचा, डबा नको. मिरजेतला डॉक्टर, विट्यातली नर्स आणि तासगावातला कॉलेजचा पोरगा आपापल्या घरून एकाच नंबरवर बसू शकतात. साथीत ही सोय लाखाची. पीआरआय, म्हणजे एकाच जोडणीत अनेक कॉल नेणारी ऑफिसची फोनलाइन, घेतली तर तिच्यावर एका वेळी 30 कॉल चालतात आणि आवाज काचेसारखा स्वच्छ असतो, पण त्यासाठी माणसं एका खोलीत शेजारी-शेजारी बसवावी लागतात. त्यातला एक पॉझिटिव्ह निघाला की अख्खी हेल्पलाइन क्वारंटाइन. मोठं हॉस्पिटल किंवा नियंत्रण कक्ष यांना पीआरआय ठीक आहे, कारण तिथं बदलीला माणसं असतात. तिसरा मार्ग टेबलावर चार मोबाइल मांडायचा. तो पहिल्या दिवशी स्वस्त वाटतो, आठवडाभरात कोणी कोणाला काय सांगितलं याचा पत्ता लागत नाही.

सरकारी नंबर असताना हा खटाटोप कशाला, असं कोणीतरी विचारतंच. ॲम्ब्युलन्सला 108, आरोग्यसल्ल्याला 104, कोविडच्या काळात केंद्राची हेल्पलाइन 1075, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077. यांची जागा कोणी घेऊ नये. पण विलगीकरणातल्या पेशंटला रोज उलट फोन करून विचारपूस करणं हे या नंबरांचं मुख्य काम नव्हे. शिवाय आखूड नंबरांची एक अडचण आपल्या भागात ठळक जाणवते. विटा, आटपाडी, तासगाव पट्ट्यातली गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी, मंडळी देशभर पसरलेली. गावी असलेल्या आईवडिलांसाठी तिकडून नुसता 1077 लावला तर तो तिकडच्याच जिल्ह्यात जाणार. सांगलीला 0233 आणि साताऱ्याला 02162 आधी लावावा लागतो, हे घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. जतच्या पूर्वेकडच्या गावांत मोबाइलनं कर्नाटकातला टॉवर पकडला तर 104 सुद्धा पलीकडच्या केंद्रात लागू शकतो. दहा आकडी नंबर कुठूनही आपल्याकडेच येतो. इथं क्लाउड सेवेला पूर्ण गुण.

आता माणसांचं गणित, कारण पॅकेज घेताना विक्रेता ‘अनलिमिटेड चॅनल’, म्हणजे एका वेळी हवे तेवढे कॉल, सांगून या प्रश्नाला बगल देतो. चॅनल कितीही असोत, कान किती आहेत? समजा तासाला 60 कॉल येतात. चार मिनिटं बोलणं आणि दोन मिनिटं नोंद, असे कॉलमागे सहा मिनिटं. म्हणजे तासात 360 मिनिटांचं काम. सहा माणसांना बरोबर पुरेल असं वाटतं. कॉल मात्र घड्याळ लावून येत नाहीत, झुंडीनं येतात. एर्लांग या डॅनिश गणितज्ञानं टेलिफोनच्या रांगांसाठी 1917 मध्ये मांडलेलं सूत्र लावलं तर सहा माणसांवर रांग वाढतच जाते. सात माणसं असतील तर कॉल करणाऱ्याचं सरासरी थांबणं सुमारे पावणेचार मिनिटं, आठ असतील तर एक मिनिट, आणि नऊ झाले की पंचवीसेक सेकंद. सातवरून नऊवर जाण्यानं जो फरक पडतो तो कुठल्याही महागड्या पॅकेजानं पडत नाही. आणि नऊ म्हणजे त्या तासाला प्रत्यक्ष कानाला फोन लावून बसलेले नऊ; जेवायला गेलेले, रेंज गेलेले आणि ‘पाच मिनिटांत आलो’वाले सोडून. यादीत चौदा-पंधरा नावं असावीत.

सेटिंगमध्ये पहिला घोळ रिंगचा. बहुतेक सेवा कॉल एकेकाकडे फिरवतात आणि प्रत्येकाकडे वीस-तीस सेकंद वाजू देतात. पहिल्या चौघांनी उचलला नाही तर पाचव्यापर्यंत पोचायला दोन मिनिटं. तोवर समोरच्यानं ठेवून दिलेला असतो. रिंग बारा सेकंदांवर आणावी आणि सलग दोन कॉल न उचलणाऱ्याला आपोआप बाजूला काढायची सोय आहे का ते विचारावं. ‘सगळ्यांकडे एकदम वाजवा’ हा पर्याय मोहात पाडतो, पण दोन दिवसांत प्रत्येक जण दुसरा उचलेल म्हणून थांबायला लागतो. कॉल घेणाऱ्यांच्या मोबाइलवरचं व्हॉइसमेल आणि कॉल वेटिंग बंद करणं ही अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट, पण ती राहिली तर पेशंटचा कॉल व्हॉइसमेलनं ‘उचलला’ अशी नोंद होते आणि तो सुटलेल्यांच्या यादीतूनही गळतो.

मेनू जितका कमी तितका बरा. पलूसची आजी टचफोनवर बोलते तेव्हा फोन कानाला असतो आणि स्क्रीन काळी. ‘दोन दाबा’ म्हटल्यावर तिनं फोन कानावरून काढायचा, स्क्रीन उजळायची वाट बघायची, आकड्यांचा पॅड शोधायचा, आणि एवढ्यात सहा सेकंद संपून ‘आपण चुकीचा पर्याय निवडला आहे’. एकच बटण ठेवावं, तेही लसीच्या चौकशीसाठी. 2021 च्या मे महिन्यात 18 वर्षांवरच्यांना लस खुली झाल्यावर स्लॉट मिळत नाही म्हणून येणाऱ्या फोनांनी आजाऱ्यांची वाट अडली. ती गर्दी वेगळी काढण्यापुरता मेनूचा उपयोग. काहीच दाबलं नाही तर कॉल माणसाकडे जायला हवा, तुटायला नको. हे सेटिंग बहुतेक ठिकाणी उलटं येतं. रेकॉर्डिंगची भाषाही तपासावी: कंपनीकडून येणारी मराठी हिंदीवरून उतरवलेली असते. ‘आजारी माणसाबद्दल बोलायचं असेल तर लाइनवर थांबा’ एवढं घरच्या आवाजात पुरतं. जतसाठी पुढे एक वाक्य कन्नडमध्ये, आणि पाळीत कन्नड बोलणारं एक तरी माणूस.

मिस्ड कॉल हा या सेवेचा खरा कस. दिवसभरात उचललेले कॉल किती, याचा आलेख डॅशबोर्डवर मोठा रंगीत दिसतो. सुटलेल्यांची यादी तीन क्लिक आत. हेल्पलाइन जगते किंवा मरते ती त्या यादीवर. त्यात एकाच माणसानं सहादा लावलेला फोन सहा ओळींत दिसतो, म्हणून आकडा फुगतो आणि बघणारा घाबरून यादीच बंद करतो. आधी नंबरावरून एकत्र करावं. मग सर्वांत जास्त वेळा लावलेला नंबर सर्वांत वर. साधारणपणे जो सहादा लावतो त्याच्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं. नियम ठेवावा: सुटलेल्या कॉलला तीस मिनिटांत उलट फोन, आणि पाळीतला एक माणूस फक्त याच कामाला.

यादी एक्सेलमध्ये उतरवताना दोन खड्डे हमखास. सीएसव्ही फाइल थेट उघडली की 91 लागलेला बारा आकडी नंबर 9.19E+11 असा दिसतो. तसाच पुन्हा सेव्ह केला की शेवटचे आकडे शून्य होऊन बसतात आणि पेशंट कायमचा हरवतो. फाइल ‘इंपोर्ट’ करून नंबरचा रकाना ‘टेक्स्ट’ ठरवावा. दुसरा खड्डा वेळेचा. काही सेवांच्या रिपोर्टमध्ये वेळ ग्रिनिचची असते. सकाळी साडेनऊचा कॉल पहाटे चारचा दिसतो, आणि कोणी ना कोणी ‘रात्रपाळी हवी’ असा निष्कर्ष काढून मोकळं होतं. साडेपाच तास मिळवले की रात्रपाळी गायब.

उलट फोन करणंही सरळ नाही. अनोळखी नंबर, त्यात कॉल ओळखणाऱ्या ॲपवर कोणीतरी ‘स्पॅम’ ठरवलेला. लोक उचलत नाहीत. आधी एसएमएस पाठवावा म्हटलं तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार संस्थेची, पाठवणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी लागते. साथ आल्यावर अर्ज केला तर मंजुरीची वाट बघण्यात दिवस जातात, म्हणून हे काम नंबर घेतानाच उरकावं. तोवर उपाय साधा: पहिल्या कॉलमध्येच पेशंटला हा नंबर ‘कोविड फोन’ नावानं सेव्ह करायला लावायचा आणि तो करेपर्यंत लाइनवर थांबायचं. आणि ती कॉलर ट्यून! 2020 च्या मार्चपासून खोकल्यानं सुरू होणारी ती सूचना प्रत्येक कॉलआधी अर्धा मिनिट घ्यायची. दिवसाला साठ उलट फोन म्हणजे अर्धा तास नुसतं खोकणं ऐकण्यात.

मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करू, ही योजना मात्र सगळ्यांपर्यंत पोचत नाही. रिचार्ज संपलेल्या फोनवरून आउटगोइंगच बंद असतं, त्यामुळे मिस्ड कॉलही जात नाही. शिराळ्याच्या डोंगराकडच्या वाड्यांत आणि ऊसतोडीच्या पालांवर हा प्रश्न मोठा. तिथं आशाताईंच्या मार्फत नंबर गोळा करून आपणच फोन लावायचा, दुसरा इलाज नाही. टोल-फ्री 1800 नंबर घेतल्यानं हे सुटत नाही, फक्त बिल आपल्याकडे वळतं.

सेवा कुठलीही घ्या, कॉल घेणाऱ्यासमोरचा कागद कंपनी देत नाही. तो आपणच बनवायचा, आणि चांगली हेल्पलाइन व वाईट हेल्पलाइन यांतला फरक त्याच कागदावर दिसतो. पहिला रकाना: बोलतंय कोण, पेशंट की नातेवाईक. पेशंट शेजारी असेल तर फोन त्याच्याकडे द्यायला लावायचा. तो सलग वाक्य बोलतोय की दोन शब्दांनंतर श्वास घेतोय, हे नातेवाइकाच्या वर्णनापेक्षा खरं. ‘दम लागतो का?’ असं विचारू नये. आपल्याकडे दम म्हणजे दमाही आणि दमणंही. दोन्हीला ‘हो’ येतं. ‘उठून मोरीपर्यंत गेलं की धाप लागते का? कालच्यापेक्षा जास्त?’ असं विचारावं. ‘अंगात कसर आहे’ म्हणाले तर थर्मामीटरचा आकडा मागावा. एका दमात किती आकडे म्हणता येतात ही चाचणी व्हॉट्सॲपवर फार फिरली; तिच्यावर भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा नातेवाइकाला पेशंटच्या छातीकडे बघायला सांगून आपण घड्याळ धरावं, पूर्ण एक मिनिट. श्वास 24 किंवा वर असतील तर हॉस्पिटल.

दुसरा महत्त्वाचा रकाना लक्षणांचा पहिला दिवस. लोक रिपोर्टची तारीख सांगतात. अंग कधी दुखायला लागलं ते विचारावं, कारण पाचव्या ते दहाव्या दिवसात प्रकृती घसरण्याची भीती जास्त. त्या दिवसांत रोज दोन फोन, इतर वेळी एक पुरतो.

ऑक्सिमीटरवर जरा थांबू, कारण फोनवरच्या निम्म्या चुका या एका डबीत असतात. समोरून ‘ऑक्सिजन 72 आलाय’ असं रडत सांगणारा बहुतेक वेळा नाडीचा आकडा वाचतोय. दोन्ही आकडे मागायचे आणि कुठल्या आकड्याजवळ ‘एसपीओ२’ लिहिलंय ते वाचायला लावायचं. त्याहून फसवी चूक उलट्या वाचनाची. पेशंटच्या बोटावरची डबी समोर बसलेला माणूस वाचतो, आणि 98 उलटं बघितलं की चक्क 86 दिसतं. 89 चे 68 होतात. उलटा गोंधळही होतो: खरे 86 असताना ‘98 आहे, मस्त’ असा निरोप येतो, आणि तो जीवघेणा. म्हणून आकडा पेशंटनं स्वतःच्या बाजूनं वाचायचा, नाहीतर फोटो पाठवायचा. माप घेण्याआधी पाच मिनिटं बसणं, हात गार असतील तर चोळणं, नेलपेंट आणि मेंदी नसलेलं बोट निवडणं, आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा-एक मिनिट हात न हलवणं. आराम करताना 94 च्या खाली असेल तर पुढची चाचणी नको, थेट हॉस्पिटल. 94 किंवा वर असेल तर सपाट फरशीवर सहा मिनिटं चालणं, साठीपुढच्यांना तीनच, सोबत कोणीतरी हवं. चालल्यावर 94 च्या खाली गेला किंवा तीन अंकांनी उतरला तर धोका समजायचा. चालताना धाप लागली तर तिथंच थांबवायचं.

बेडची माहिती देणं टाळता येत असेल तर टाळावं. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये सकाळची यादी दुपारी शिळी होत असे. ‘बेड आहे’ हे शब्द कागदावर लाल शाईनं खोडून ठेवावेत. ‘सकाळी दहाला दोन होते, आता विचारून घेऊ’ म्हणावं, आणि क्लाउड सेवेतल्या तिघांच्या कॉलनं हॉस्पिटलला जोडून द्यावं. ही सोय बेसिक पॅकेजात बहुधा नसते. तिच्यासाठी वरचं पॅकेज घ्यायची वेळ आली तर घ्यावं. रंगीत आलेखांसाठी घेऊ नये.

औषध कोणी सांगायचं हा प्रश्न 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी मिटवलेला आहे: नोंदणीकृत डॉक्टरच. स्वयंसेवकानं नोंद घ्यायची, धोका ओळखायचा, कॉल डॉक्टरकडे द्यायचा. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न स्टेरॉइडचा. शेजाऱ्याला दिलं म्हणून ‘डेक्सा’ घरात आणून ठेवलेलं असतं. ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटना त्याचा फायदा झाला, न लागणाऱ्यांना झाला नाही, हे 2020 मधल्या ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिसलं. स्वयंसेवकानं ‘डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी नको’ एवढंच म्हणावं आणि तो कॉल रांगेत पुढे घ्यावा. मनाच्या त्रासाच्या कॉलसाठी आता टेलिमानसचा 14416 आहे, ऑक्टोबर 2022 पासून. पहिल्या दोन लाटांत तो नव्हता. आता कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हवाच.

रेकॉर्डिंग चालू आहे हे सुरुवातीलाच सांगावं, लिंक दोघांपलीकडे कोणाकडे नसावी, आणि ते किती दिवस टिकतं ते करारात वाचावं. एवढं बस्स.

हेडफोन वायरचा घ्यावा. ब्लूटूथची बॅटरी ऐन पाळीत मान टाकू शकते. प्रत्येकाला वेगळा, माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब. पुसायला 70 टक्के अल्कोहोल, हायपोक्लोराइट नको, धातूचे भाग खातं. आठ जण एकत्र बसून लॅपटॉपवरून कॉल घेणार असतील तर इंटरनेटचा वेग अडत नाही. एका कॉलला एका दिशेनं शंभर केबीपीएससुद्धा लागत नाहीत. अडतं ते लाइन मधूनमधून अडखळल्यामुळे आणि वीज गेल्यामुळे. 150 एएचची एक बॅटरी आठ लॅपटॉप आणि राउटर तीन-साडेतीन तास ओढते. पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडे किंवा कृष्णाकाठी हे करायचं तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला मोबाइल हॉटस्पॉटला हाताशी हवा.

बिलात एक खाच आहे. एका कॉलच्या दोन बाजू मोजल्या जातात: पेशंट ते कंपनी आणि कंपनी ते आपला माणूस. पल्स, म्हणजे बिल मोजायचा टप्पा, 60 सेकंदांचा असेल तर 61 सेकंदांचे दोन पल्स, आणि तेही काही पॅकेजांत दोन्ही बाजूंना. चार मिनिटांचे साठ कॉल तासाला, बारा तास, म्हणजे दिवसाला 2,880 मिनिटं बोलणं. दोन्ही बाजू धरल्या तर 5,760. जाहिरातीतलं ‘पाच हजार मिनिटं मोफत’ पहिल्याच दिवशी संध्याकाळी संपतं.

आमचे गुण पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण मेनूच्या उलट्या सेटिंगसाठी कापला, अर्धा सुटलेल्या कॉलांची यादी तळघरात ठेवल्याबद्दल, आणि उरलेला अर्धा नंबराच्या मालकीसाठी. नंबर आपला नसतो, कंपनीचा असतो. लाट ओसरली, देणग्या आटल्या, बिल थांबवलं की काही काळानं तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जातो. इकडे तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेला असतो आणि पाच पावसाळे पुसला जात नाही. नंबर स्वतःच्या नावावर ठेवता येतो का, हे सही करण्याआधी लेखी विचारावं. नसेल तर सेवा बंद करताना सर्वांत लहान पॅकेजवर वर्षभर तो चालू ठेवावा, त्यावर ‘ही सेवा बंद आहे, सल्ल्यासाठी 104, ॲम्ब्युलन्ससाठी 108 लावा’ एवढं रेकॉर्डिंग लावावं, आणि त्या वर्षात भिंतींवर चुना फिरवून घ्यावा.